समुद्राखालची पुळण मोजताना आधी कातळ बघा

प्रश्न थोडक्यात असा. सिंधुदुर्गातल्या एका किनारी गावासमोर एका खासगी एजन्सीने समुद्रतळाचा सर्व्हे दोनदा केला, पहिला मे महिन्यात आणि दुसरा त्याच वर्षी नोव्हेंबरात. किनाऱ्याची लांबी 3 किलोमीटर, पाण्यात 600 मीटरपर्यंत. अहवालात लिहिलंय की तळ सरासरी 20 सेंटिमीटर खाली गेला, म्हणजे 3 लाख 60 हजार घनमीटर वाळू गेली. गावात दोन तट पडलेत. एकाला लगेच दगडी बंधारा हवाय, दुसरा म्हणतो आकडा फुगवलाय. ग्रामपंचायतीच्या एका सदस्याने विचारलंय, हा आकडा धरून चालायचं का? आणि गावाला स्वतः काही मोजता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर हो. पहिल्याला, आत्ता तरी नाही. कुणी मुद्दाम फुगवलंय असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही पाठवलेल्या पानांवरून त्या आकड्याला पेलेल एवढं मोजमाप मला दिसलं नाही.

गुणाकार बरोबर आहे. 3000 गुणिले 600 गुणिले 0.20. ब्रासमध्ये सांगायचं तर सव्वा लाख ब्रासच्या वर. गोची त्या 0.20 मध्ये आहे. एवढ्या मोठ्या क्षेत्रावर तळाच्या उंचीत 1 सेंटिमीटर इकडेतिकडे झाला की 18 हजार घनमीटर वाळू कागदावर येते किंवा जाते. हलत्या होडीतून, लाटांवर डुलत, न दिसणारा तळ मोजताना 1 सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही. मी पंचवीसेक वर्षं होड्यांना इको साउंडर, म्हणजे आवाज सोडून खोली काढणारं यंत्र, बांधून किनारे मोजतोय, आणि माझ्या हातून 11 सेंटिमीटरची चूक झालेली आहे. तीच आधी सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यात आहे.

कोकणातल्याच एका खाडीच्या तोंडाशी आम्ही सहा महिन्यांच्या अंतराने दोन सर्व्हे केले. आमचा बेंचमार्क, म्हणजे उंची ठरलेली पक्की खूण, जेटीवर कोरलेला होता. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा लाल बाण जागेवर, आकडा जागेवर. लेव्हल लावली, भरतीची पट्टी त्यावरून बांधली, काम सुरू. रात्री दोन्ही वेळचे आलेख एकावर एक टाकले तर सगळा तळ 11 सेंटिमीटर खाली. सगळा म्हणजे सगळा, पुळणीपासून शेवटच्या बिंदूपर्यंत. आमचा तांडेल, म्हणजे होडीचा चालक, शेजारी चहा पीत बसला होता. आलेखात एका रेषेवर कातळाचा सपाट माथा येत होता, तो त्याच्या रोजच्या ओळखीचा. तो म्हणाला, "सा महिन्यात कातळ झिजता काय?" सकाळी जेटीवर जाऊन पाहिलं. मधल्या काळात दुरुस्ती झाली होती, वर काँक्रीटचा नवा थर पडला होता, आणि रंगाऱ्याने जुना बाण आणि जुना आकडा इमानेइतबारे नव्या थरावर काढला होता. मूळ खूण 11 सेंटिमीटर खाली गाडली गेली होती. बेंचमार्क वर उचलला गेला आणि आम्ही त्याला जुनीच उंची दिली, म्हणून सगळा समुद्र खाली गेला. दुसऱ्या एखाद्या खुणेशी मेळ घालून बघायचा आळस आम्ही केला होता.

त्या दिवसापासून निदान एक रेषा मी मुद्दाम कातळावरून नेतो. जे हलत नाही ते आधी मोजायचं. ते हललेलं दिसलं तर हललेलं जे काही आहे ते आपल्या हातात आहे, समुद्रात नाही. कातळाचा माथा सपाट हवा आणि त्यावर पन्नासेक तरी बिंदू पडायला हवेत. खडबडीत खडकावर होडी अर्धा मीटर सरकली तरी खोली वेगळी येते.

तुमच्याकडच्या अहवालात हे आधी शोधा. दोन्ही वेळच्या रेषा कातळावर जुळतात का? तुमच्या किनाऱ्यासमोर कातळ कुठे आहे हे रापणवाल्यांना, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्यांना, विचारा. त्यांचं जाळं तिथेच फाटतं, त्यामुळे ते किती वाव खोल आहे तेही त्यांना पाठ असतं.

आता चुका येतात कुठून ते बघू. सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते पाण्यातल्या आवाजाच्या वेगाकडे. इको साउंडर खोली मोजत नाही, वेळ मोजतो. आवाज तळाला जाऊन परत यायला किती वेळ लागला ते मोजून वेगाने गुणतो. आपल्या समुद्रात पाणी 28 अंशांच्या आसपास आणि नेहमीसारखं खारट असताना हा वेग सेकंदाला साधारण 1540 मीटर असतो. गोड्या पाण्यात तो 1500 च्या जवळ येतो, म्हणून पावसाळ्यानंतर खाडीच्या तोंडाशी तो रोज वेगळा. पुष्कळ यंत्रांत आधीपासूनच 1500 भरलेलं असतं. ते तसंच ठेवलं तर 5 मीटर खोली 4.87 दिसते, 10 मीटर 9.74 दिसते. समजा मे महिन्याच्या टीमने 1500 वर मोजलं आणि नोव्हेंबरच्या टीमने वेग नीट भरला. एकही कण न हलता 5 मीटर खोलीवरचा तळ 13 सेंटिमीटर खाली गेलेला दिसेल. याला उपाय जुना आणि स्वस्त आहे. लोखंडी पट्टी मोजलेल्या साखळीने यंत्राच्या बरोबर खाली 2, 4, 6 मीटरवर सोडायची आणि यंत्र तेच दाखवतंय का ते पाहायचं. याला बारचेक म्हणतात. रोज सकाळी एकदा, काम संपल्यावर एकदा. बारचेकचा कागद अहवालाला जोडलेला नसेल तर तो मागून घ्या.

दुसरी चूक भरती-ओहोटीची. तुमच्याकडे उधाणाला पाणी दोनेक मीटर चढतं-उतरतं. भरतीच्या मधल्या दोन तासांत ते तासाला अर्धा मीटर सरकतं, म्हणजे दहा मिनिटांत 8 सेंटिमीटर. जवळच्या बंदराचा तक्ता घेऊन "आपल्याकडे वीस मिनिटं उशिरा" असा अंदाज लावला आणि तो दहा मिनिटांनी चुकला, तर तेवढा तळ वर किंवा खाली. शिवाय तक्ता हा अंदाजच असतो. वाऱ्याने आणि हवेच्या दाबाने खरं पाणी त्याच्याबाहेर असतं. म्हणून समोर, त्याच गावात पट्टी रोवून दर दहा मिनिटांनी पाणी वाचायला माणूस बसवावा लागतो. तो कंटाळून जेवायला गेला की तासाभराचं काम पाण्यात.

आता आरटीके जीपीएस, म्हणजे सेंटिमीटरपर्यंत जागा आणि उंची सांगणारा जीपीएस, होडीवर लावतात. त्याने पाण्याची पातळी वेगळी मोजावी लागत नाही, होडीचं वरखाली होणंही बरंचसं निघून जातं. चांगलं तंत्र आहे. पण त्याने एक नवा घोळ आणला. जीपीएसची उंची एका गणिती लंबगोलापासून मोजलेली असते, आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्रसपाटीच त्या लंबगोलाच्या 60 मीटरहून अधिक खाली आहे. पुळणीवर उभं राहिलं की यंत्र उणे साठच्या पुढचा आकडा दाखवतं. नवखी मुलं घाबरतात. तिथून सरासरी समुद्रसपाटीवर यायचं आणि तिथून नाविक नकाशाच्या शून्यावर, म्हणजे नकाशातल्या खोल्या जिथून मोजतात त्या पातळीवर. मुंबईला ही शेवटची दोन शून्यं एकमेकांपासून सुमारे अडीच मीटर अंतरावर आहेत, सिंधुदुर्गात त्याहून बरीच जवळ. दोन सर्व्हेंमध्ये हे रूपांतर वेगवेगळ्या पद्धतीने केलं असेल तर 20 सेंटिमीटर कधी आले आणि कुठून आले ते कळणारही नाही. अहवालात "शून्य" कुठलं ते दोन्ही वेळा स्पष्ट लिहिलंय का ते बघा.

यातली प्रत्येक चूक लहान आहे. पण काही चुका इकडून तिकडे उडतात, म्हणजे एक बिंदू वर तर एक खाली, आणि हजारो बिंदूंच्या सरासरीत त्या विरून जातात. लाटेची, होडीच्या हेलकाव्याची चूक अशी असते. शून्याची, आवाजाच्या वेगाची, होडी पाण्यात किती बुडाली आहे त्याची चूक विरत नाही. ती प्रत्येक बिंदूत एकाच बाजूला बसते आणि घनमीटरमध्ये पूर्ण उतरते. न विरणारी चूक प्रत्येक सर्व्हेत 15 सेंटिमीटरची धरली, तर दोघांच्या वजाबाकीत ती सुमारे 21 सेंटिमीटर होते. तुमचा फरक 20 चा आहे.

अहवालात बहुधा "आंतरराष्ट्रीय मानकांनुसार" असंही छापलेलं असेल. जलसर्वेक्षणाच्या आंतरराष्ट्रीय मानकात बंदरांसाठीची जी कडक 'स्पेशल' श्रेणी आहे, तिच्यातसुद्धा उथळ पाण्यात सुमारे 25 सेंटिमीटरची चूक चालते. जहाजाचं बूड तळाला लागू नये म्हणून ते मानक आहे, आणि त्या कामाला पुरेसं आहे. वाळूचा हिशेब ठेवायला ते बनवलेलंच नाही.

एवढं सगळं बरोबर असलं तरी तुमच्या सर्व्हेत एक भोक आहे. पानांवरच्या नकाशात पुळणीवरचे बिंदू ओहोटीच्या रेषेशी थांबतात आणि होडीचे बिंदू अडीच मीटर खोलीपासून सुरू होतात. मध्ये शंभर-सव्वाशे मीटर काहीच नाही. तिथे सरळ रेषेने टाके घातलेत. आणि वाळूचा दांडा, म्हणजे पाण्याखालचा लांबट उंचवटा, नेमका तिथेच असतो! लाटा फुटतात तो पट्टा, जिथे माणूस उभा राहू शकत नाही आणि होडी जाऊ शकत नाही, तिथेच वाळूची सगळ्यात जास्त ये-जा होते. जगभर या पट्ट्यासाठी लोकांनी काय काय केलंय. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या डक इथल्या संशोधन केंद्रात तीन चाकांवरची दहा मीटर उंच तिपाई वापरली. माणूस वर बसतो, चाकं समुद्रतळावरून चालतात, लाटा खालून जातात. जपानमध्ये हासाकीला 1980च्या दशकात 427 मीटर लांबीचा धक्का बांधला आणि त्यावरून रोज, दर 5 मीटरला, वजन बांधलेली दोरी सोडून तळ मोजला. दोरीने! त्या नोंदींवर दांडा कसा सरकतो याचं आजचं बरंचसं ज्ञान उभं आहे.

आपल्याकडे तिपाई नाही, धक्का नाही, पण उधाण आहे. उधाणाच्या पूर्ण ओहोटीला आरटीकेची काठी घेऊन छातीभर पाण्यापर्यंत चालत जायचं. काठीच्या टोकाला ताटलीएवढी चकती हवी, नाहीतर ती वाळूत रुतते. कमरेला दोर, किनाऱ्यावर दोर धरणारी दोन माणसं, अंगात लाइफ जॅकेट. यात तडजोड नाही. मग त्याच उधाणाच्या पूर्ण भरतीला होडी जितकी आत येईल तितकी आणायची. ओहोटीला चालत तुम्ही शून्याखाली मीटरभर जाता, भरतीला होडी शून्याच्या वर अर्धा-पाऊण मीटरपर्यंत येते. दोन्ही मोजमापं दीड मीटर उंचीच्या पट्ट्यात एकमेकांवर चढतात, आणि तिथे ती जुळली तर दोघांवर विश्वास ठेवता येतो. अमावास्या-पौर्णिमेला तुमच्याकडे ओहोटी पहाटे अंधारात येते, म्हणून मी दोन दिवस पुढचे धरतो. ओहोटी साडेसहा-सातला उजेडात मिळते. पण मग भरती दुपारपर्यंत लांबते, मतलई पडते, खारे वारे सुरू होतात आणि होडीचं काम बिघडतं. दोन्ही एकाच दिवशी साधेलच असं नाही. डिसेंबर ते फेब्रुवारीत चार-पाच दिवस हातात ठेवायचे.

आता मे आणि नोव्हेंबर. हे मला सगळ्यात खटकलं. पावसाळ्यात लाटा पुळण खरवडून वाळू समुद्रात नेतात आणि दांड्यात साठवतात. ऑक्टोबरपासून शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. मे महिन्यात पुळण भरलेली असते, नोव्हेंबरात अर्धीच परतलेली असते. दोघांची वजाबाकी म्हणजे सणाला भरलेला डबा आणि महिनाअखेरचा डबा ताडून "घरात धान्य कमी झालं" म्हणणं. शिवाय परतीच्या वाटेवरची वाळू ज्या पट्ट्यात असायची, तोच पट्टा मोजलेला नाही. मेची तुलना मेशीच करायची. आगोटीच्या, म्हणजे पावसाळा लागायच्या आधी, दरवर्षी त्याच पंधरवड्यात.

आणि 600 मीटर का? रेषा कुठे थांबवायची हे अंतरावरून ठरत नाही, खोलीवरून ठरतं. एका खोलीपलीकडे लाटा वर्षभरात तळ फारसा हलवत नाहीत. हॅलरमायर या संशोधकांनी 1970च्या दशकाच्या शेवटी यासाठी सूत्र दिलं. वर्षातल्या सर्वांत दांडग्या बारा तासांच्या लाटा त्यात घालायच्या. आपल्या पावसाळ्यातल्या 4 ते 5 मीटरच्या लाटांना उत्तर येतं 8 ते 10 मीटर खोली. बारीक वाळूच्या पुळणीचा नेहमीचा उतार धरला तर 600 मीटरवर खोली सहा-सात मीटरच असते. म्हणजे तुमची रेषा जिथे थांबते तिथे वाळू अजून हलतेच आहे, पलीकडे गेलेली वाळू "गायब" धरली गेली. रेषा 10 मीटर खोलीच्या जरा पुढे न्या. खोल टोकाला दोन्ही वेळचे आलेख मिळायला हवेत. नाही मिळाले तर पुन्हा तोच कातळाचा प्रश्न. एक इशारा, कोकणात त्या खोलीवर बऱ्याच ठिकाणी वाळू संपून चिखल लागतो. पावसानंतर तो सैल असतो, आणि जास्त वारंवारतेचा आवाज त्याच्या वरच्या थरावरून परततो, कमी वारंवारतेचा आत घुसतो. दोन्ही वेळी एकच वारंवारता वापरलेली हवी.

किनाऱ्याच्या लांबीवर रेषा किती दाट हव्यात हेही लोक विचारतात. नेदरलँड्समध्ये 1965 पासून सबंध किनाऱ्यावर दरवर्षी 200 ते 250 मीटर अंतराच्या रेषा मोजतात, आणि वाळू कुठे भरायची हे त्यावर ठरतं. सरळ, लांब पुळणीला तेवढं अंतर पुरतं. तुमचे 3 किलोमीटर खाडीपासून लांब असतील तर बारा-पंधरा रेषा बास. खाडीच्या तोंडाशी हे चालत नाही. मालवणजवळच्या देवबागचंच घ्या. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, आणि संगमावर वाळूचे उथळ पट्टे, ज्यांतल्या एकाला पर्यटक त्सुनामी आयलंड म्हणतात. तिथे किनारा वळतो, काटकोनातल्या रेषा एकमेकींना छेदतात, आणि वाळू किनाऱ्याला काटकोनात न जाता तोंडाभोवती फिरते. अशा जागी 25-30 मीटरच्या जाळीत सगळा भाग मोजावा लागतो. नाहीतर एका वर्षी रेषा दांड्यावर पडते, पुढच्या वर्षी त्याच रेषेखाली चर येतो, आणि कागदावर दीड मीटर धूप होते.

रेषा तीच हवी, म्हणजे दोन्ही टोकांचे निर्देशांक लिहून ठेवलेले हवेत. "सुरूच्या बनापासून तिसरा माड" चालत नाही, माड पडतो. दांड्याच्या पंधरात एक अशा चढावर होडी 5 मीटर बाजूला गेली की 33 सेंटिमीटरचा फरक पडतो. आणि किनाऱ्याला समांतर दोन-तीन आडव्या रेषा घ्यायला लावा. उभ्या आणि आडव्या रेषा जिथे छेदतात तिथे एकाच जागेची खोली दोनदा मोजली जाते. त्यांतला फरक म्हणजे सर्व्हे करणाऱ्याच्या चुकीचा त्याच्याच हातचा आकडा. आडव्या रेषा घ्यायला नको म्हणणारे मी पाहिलेत. मी त्यांना काम देत नाही.

गावाने काय करावं? पाण्याखालचं तुम्ही मोजू नका. पुळण मात्र मोजा, दर महिन्याला, पावसाळ्यातही. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, तेव्हा कुठलीच एजन्सी समुद्रात उतरत नाही. त्या महिन्यांची नोंद गावाकडेच असू शकते. के. ओ. एमरी या अमेरिकी भूवैज्ञानिकाने 1961 मध्ये सांगितलेली पद्धत आहे. दीड-दीड मीटरच्या दोन सारख्या काठ्या, त्यांवर सेंटिमीटरच्या खुणा, मध्ये 2 मीटरची दोरी. एकाने समुद्राकडची काठी धरायची, दुसऱ्याने जमिनीकडची. मागच्याने पुढच्या काठीचं टोक क्षितिजाच्या रेषेत आणायचं आणि ती नजर आपल्या काठीवर टोकापासून किती खाली येते ते वाचायचं. तेवढा उतार. मग पुढे सरकायचं. पश्चिमेला उघडं क्षितिज तुम्हाला फुकट मिळालेलं आहे. सिडनीजवळच्या नॅराबीनला 1976 पासून दर महिन्याला पुळण मोजतात, आणि कितीतरी वर्षं ती याच काठ्यांनी मोजली. शाळेतली आठवी-नववीची मुलं हे सहज करतात.

चार रेषा पुरेत. प्रत्येकीची सुरुवात पक्क्या खुणेपासून करा, देवळाचं जोतं, विहिरीचा कठडा, आणि जवळ दुसरी खूण ठेवा. दर वेळी आधी त्या दोन खुणांमधला उंचीचा फरक मोजा, मगच पुळणीवर उतरा. रंगारी येऊन गेला असेल तर तिथेच कळेल.

एजन्सीकडून चार गोष्टी मागवा: दोन्ही वेळचे कच्चे बिंदू, बारचेकचे कागद, भरतीच्या पट्टीच्या नोंदी आणि बेंचमार्कचं रेखाचित्र. ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर मागा, कारण लेखी मागितलं की लेखी उत्तर येतं. बिंदू हाती आले की कातळावरचे आणि सगळ्यात खोल टोकाचे वेगळे काढून फक्त त्यांची वजाबाकी करा, बाकीच्याला हात लावू नका. तिथे शून्याच्या आसपास आलं तर तुमच्या गावातल्या पहिल्या तटाचं म्हणणं मी पुन्हा नीट ऐकेन. 15-20 सेंटिमीटर आलं, तर तो आकडा मला कळवा.